लाईट आली, वायफाय आलं, नेट मात्र नाही: दुसरा राउटर लावलेल्या घराचं नेहमीचं दुखणं

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "लाईट गेली होती, आली. वायफायचे दांडे फुल्ल दिसतायत, पण नेट नाही. ओटीवर चालतं, आतल्या खोलीत नाही. ह्याच्या फोनवर चालतं, माझ्यावर नाही." मग घरातलं कोणीतरी उठून सगळे डबे बंद करतं, पुन्हा चालू करतं. कधी लागतं, कधी नाही. लागलं की विषय मिटतो, तो पुढची लाईट जाईपर्यंत. आणि कोकणात मेअखेरच्या वळवापासून ऑक्टोबरातल्या विजांपर्यंत पुढची लाईट जायला फार वाट बघावी लागत नाही.

यात फायबरवाल्याच्या लाइनचा दोष क्वचित असतो. दोष असतो घरातल्या दुसऱ्या राउटरचा. जुनं कनेक्शन बदललं तेव्हा कपाटात पडलेला राउटर आतल्या खोलीत रेंज यावी म्हणून वायर टाकून जोडलेला असतो. त्याचा उपयोग ॲक्सेस पॉइंट म्हणून व्हायचा होता, म्हणजे वायरीतून आलेलं नेट फक्त हवेत सोडायचं, बाकी कारभार मुख्य, म्हणजे फायबरवाल्याच्या, डब्याचा. पण सेटिंग न बदलता नुसती वायर खुपसली, तर तो राउटर आपला जुना कारभार चालूच ठेवतो. घरात दोन कारभारी झाले की काय होतं, तेच इथे होतं.

दुसरा राउटर मुळात का लागतो

चिऱ्याच्या घरात तो लागतोच, त्यात कंजूषपणा करू नका. फूटभर जाडीची जांभ्याची भिंत वायफायला चांगलीच अडवते. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरतो, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा लहरी जास्त शोषते. म्हणून एप्रिलात माजघरापर्यंत पोचणारी रेंज जुलैत पडवीतच संपते आणि लोक राउटर बिघडला म्हणतात. ५ गिगाहर्ट्झची लहर अशा एका भिंतीतच दमते. २.४ गिगाहर्ट्झची थोडी पुढे जाते, दोन भिंतींपलीकडे तिचाही भरवसा नाही. वर पत्रा मारलेला असेल तर माळ्यावरची खोली वेगळंच प्रकरण, कारण पत्र्यातून लहर जातच नाही.

प्लगमध्ये खोचायचा रिपीटर हा यावरचा उपाय नव्हे. तो स्वतःच कमजोर रेंजमध्ये बसतो, तेच कमजोर नेट उचलून पुढे देतो, आणि एकाच रेडिओवर घ्यायचं-द्यायचं दोन्ही करावं लागत असल्याने वेग साधारण निम्मा होतो. मुख्य डब्यापासून आतल्या खोलीपर्यंत वायर टाकून तिच्या टोकाला जुना राउटर लावणं हेच चिऱ्याच्या घरात टिकतं. कॅट-५ई किंवा कॅट-६ वायर १०० मीटरपर्यंत चालते, तेवढ्यात घर, न्हाणीघर आणि मांगर सगळं येतं.

आधी बघा, मग हात लावा

नेट गेलं की पहिला मोह डबे बंद-चालू करायचा. तो आवरा. बंद-चालू केल्याने नेमकी ती गोष्ट पुसली जाते जी बघायला हवी: ज्या फोनवर नेट नाही, त्या फोनला पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, कोणी दिलाय.

अँड्रॉइड फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर टिचकी मारली की खाली आयपी ॲड्रेस आणि गेटवे (फोन ज्या डब्याकडे नेट मागतो त्याचा पत्ता) अशा दोन ओळी दिसतात. आयफोनवर नावाशेजारच्या गोलातल्या 'आय'वर गेलं की 'राउटर' नावाची ओळ असते, तोच गेटवे. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग', एक जागा सोडून 'स्लॅश ऑल' टाकलं तर आणखी एक कामाची ओळ मिळते: डीएचसीपी सर्व्हर. पत्ता ज्या डब्याने वाटला त्याचा स्वतःचा पत्ताच तिथे लिहिलेला असतो. (पुढचे आकडे मी इथे देवनागरीत देतोय, डब्याच्या पानावर टाकताना इंग्रजी आकडेच टाकायचे.)

आता नेट चालणारा एक फोन आणि न चालणारा एक फोन शेजारी ठेवा. चालणाऱ्याचा गेटवे समजा १९२.१६८.१.१ आहे. न चालणाऱ्याचा १९२.१६८.०.१ असेल, तर शोध संपला. तो पत्ता दुसऱ्या राउटरने दिलाय आणि त्या राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत घ्यायच्या भोकात) काहीच नाही. म्हणजे फोन ज्याच्याकडे नेट मागतोय त्याच्याकडे ते नाहीच.

दोन्हींचा गेटवे एकच दिसला तरी सुटलो असं समजू नका. पुष्कळ राउटर आणि फायबरचे डबे कारखान्यातून १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन येतात. दोघांचा तोच असेल, तर ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका आणि लॉगिनचं पान कोणाचं उघडतंय ते बघा. एकदा फायबरच्या डब्याचं आणि थोड्या वेळाने जुन्या राउटरचं उघडलं, तर घरात एकाच पत्त्यावर दोघं बसलेत. यात नेट पूर्ण जात नाही, येतं-जातं, आणि म्हणूनच हे सगळ्यात जास्त छळतं.

तिसरी शक्यता: पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय, किंवा अँड्रॉइडवर 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' इथेच गाडी अडकलीय. म्हणजे कोणीच पत्ता दिला नाही. अशा वेळी सेटिंगमध्ये शिरू नका, वायर तपासा. तिच्याबद्दल खाली आहेच.

आणि गेटवे बरोबर आहे, दोन्ही फोनवर तोच आहे, तरी कुठेच नेट नाही, तर फायबरच्या डब्यावरचा 'लॉस' लिहिलेला दिवा बघा. तो लाल असेल तर लाइन गेलीय, हा लेख बाजूला ठेवून फोन लावा.

खात्रीचा एक सोपा प्रयोग आहे. दुसऱ्या राउटरमधून वायर उपटा. फोनचं वायफाय बंद करून चालू करा आणि मुख्य डब्याच्या नावाला जोडा. नेट लगेच लागलं आणि तसंच राहिलं, तर दुखणं वायरीच्या त्या टोकाला आहे.

लाईट गेल्यावरच का होतं

घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, कॅमेऱ्याला आत यायला एक पत्ता लागतो. तो वाटण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. फोन वायफायला जोडला की ओरडून विचारतो, "पत्ता कोण देतंय?" ती हाक घरभर जाते, वायरीतून दोन्ही डब्यांपर्यंत. दोघंही पत्ता देऊ करतात आणि फोन सहसा आधी आलेला घेतो. पंगतीत दोन वाढपी आहेत आणि एकाचं भांडं रिकामं आहे. तो रिकामाच आधी पोचला तर?

लाईट आली की तोच आधी पोचतो. जुना साधा राउटर मिनिटभरात उभा राहतो. फायबरच्या डब्याला वेळ लागतो: उठायचं, प्रकाशाचा सिग्नल पकडायचा, पलीकडच्या यंत्राला ओळख द्यायची. तेवढ्यात घरातले फोन जुन्या राउटरकडून पत्ता घेऊन मोकळे झालेले असतात. दिलेला पत्ता काही तास चालतो, तोवर फोनला दुसरा मागायची गरज वाटत नाही. म्हणून मुख्य डबा उठून तयार झाला तरी फोन जुन्यालाच धरून बसतो. मुख्य डब्याच्या शेजारी बसलेल्या फोनलाही चुकीचा पत्ता मिळू शकतो, कारण दोन्ही डबे एकाच वायरीवर आहेत. "पडवीत बसूनही चालत नाही, मग आतल्या राउटरचा काय संबंध?" याचं उत्तर हे.

लाईट नसताना गोष्ट आणखी गुंतते. पुष्कळ घरांत इन्व्हर्टरवर पडवीचा प्लग असतो, मागच्या खोलीचा नसतो. मुख्य डबा कधी बंदच होत नाही, मागचा राउटर मात्र दिवसातून दोन-तीनदा मरतो आणि उठतो. मग घोळ फक्त मागच्या खोलीतल्यांचा होतो आणि पुढच्या खोलीतले त्यांच्या फोनला नावं ठेवतात.

डबे बंद-चालू केल्यावर कधीकधी लागतं, ते यामुळेच. त्या वेळी मुख्य डबा आधी चालू केला गेला, किंवा फोनने योगायोगाने बरोबर पत्ता उचलला. योगायोगाने बरं झालेलं दुखणं योगायोगानेच परत येतं.

दुरुस्ती

जुना राउटर टेबलावर आणा. मुख्य डब्याकडून येणारी वायर त्याला अजून लावू नका. लॅपटॉप असेल तर एका छोट्या वायरीने राउटरच्या लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायच्या भोकात) लावा. फोनवरूनही होतं, पण मधे वायफायचं नाव बदललं की फोन सुटतो आणि आपण गोंधळतो. मागच्या भोकातलं रिसेटचं बटण काडीने साधारण दहा सेकंद दाबून धरा, सगळे दिवे एकदम लुकलुकले की सोडा. जुनी, कुणीतरी कधीतरी केलेली सेटिंग वाहून गेलेली बरी.

तळाच्या स्टिकरवर लिहिलेल्या पत्त्याने आत शिरा आणि पहिल्यांदा वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षा लावून टाका. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ एईएस. डब्ल्यूपीए-३ असेल तर चांगलंच, पण जुना प्रिंटर किंवा टीव्ही त्याला जोडत नाही, तेव्हा मिश्र पर्याय घ्या. २.४ ची चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनेल १, ६ किंवा ११, आणि मुख्य डब्याचं जे असेल त्याहून वेगळं. ५ गिगाहर्ट्झ असेल तर ३६ ते ४८ मधलं एखादं. वाडीतल्या घराला शेजाऱ्याच्या वायफायचा त्रास नसतो, बाजारपेठेतल्या घराला असतो. चॅनेलवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

आता खरं काम. लॅनचं पान उघडा आणि राउटरचा स्वतःचा पत्ता बदला. मुख्य डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० तसाच. मुख्य डबा १९२.१६८.२९.१ असेल तर १९२.१६८.२९.२. पहिले तीन आकडे मुख्य डब्यासारखेच, शेवटचा वेगळा. सेव्ह केल्यावर राउटर बहुधा स्वतः बंद होऊन उठतो. उठला की नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि डीएचसीपीचं पान शोधून तो बंद करा. त्याच भागात आयपीव्ही-६ साठी (हा पत्त्यांचा नवा प्रकार) वेगळं डीएचसीपी असलं तर तेही बंद. हा क्रम उलटा केला, म्हणजे डीएचसीपी आधी बंद केला, तर लॅपटॉपला पत्ता मिळेनासा होतो आणि तुम्ही स्वतःच्याच राउटरच्या बाहेर राहता. तसं झालंच तर लॅपटॉपला हाताने त्याच पट्ट्यातला, म्हणजे पहिले तीन आकडे तेच असलेला, एखादा पत्ता द्या, शेवटचा आकडा ५० चालेल, आणि आत जा.

त्या १९२.१६८.१.२ बद्दल एक अट आहे: मुख्य डबा हा पत्ता दुसऱ्या कोणाला वाटणार नाही, हे बघायला हवं. काही डबे २ पासून २५४ पर्यंत सगळेच पत्ते वाटायला काढतात. मुख्य डब्याच्या डीएचसीपीत जाऊन वाटपाची सुरुवात ५० वर न्या, म्हणजे खालचे पत्ते आपल्यासाठी मोकळे राहतात. त्या डब्याचा पासवर्ड लावून देणाऱ्या माणसाने दिला नसेल तर मागून घ्या. तुमच्या घरातला डबा आहे, संकोच कसला.

मग राउटर जागेवर न्या आणि मुख्य डब्याकडून आलेली वायर लॅन पोर्टात लावा. लॅन. वॅन नव्हे. वॅनचं भोक बहुतेकदा वेगळ्या रंगाचं असतं आणि वायर तिथेच लावावीशी वाटते. त्यावर चिकटपट्टी मारा, म्हणजे पुढे जो कोणी हात घालेल त्याला कळेल. तळाला पट्टीवर न पुसणाऱ्या मार्करने लिहा: नवा पत्ता, 'डीएचसीपी बंद', तारीख. साध्या पेनची शाई पावसाळ्यातल्या दमटीत पसरते.

अलीकडच्या बऱ्याच राउटरांत 'ऑपरेशन मोड' नावाखाली 'ॲक्सेस पॉइंट' असा तयार पर्याय असतो. तो असेल तर वरचं बरंचसं काम एका टिचकीत होतं आणि वायर वॅनमध्ये लावली तरी चालते. फक्त त्यानंतर राउटरचा पत्ता मुख्य डबा ठरवतो, म्हणून पुन्हा आत शिरायचं तर मुख्य डब्याच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत त्याला शोधावं लागतं.

एक प्रकार मात्र सोडून द्यावा असा आहे. जुन्या इंटरनेट कंपनीने दिलेला डबा, ज्यात ग्राहकाला डीएचसीपी बंद करायची सोयच ठेवलेली नाही. त्याच्याशी झटापट करण्यापेक्षा साधा नवा राउटर घ्या.

"वॅनमध्ये लावलंय आणि चालतंय की"

चालतं. वॅनमध्ये वायर लावली की जुना राउटर मुख्य डब्याकडून एक पत्ता घेतो आणि त्याच्या मागे आपला वेगळा पट्टा उभा करतो. नेट मिळतं. फक्त दोन्हींचे पहिले तीन आकडे वेगळे असायला हवेत. तेच असतील तर काही राउटर स्वतःहून बदलून घेतात, काही नुसते अडून बसतात. मागच्या खोलीत फक्त मोबाइलच वापरायचा असेल आणि वर्षभर बिनतक्रार चाललं असेल, तर मी त्याला हात लावायला सांगणार नाही. पण पुढच्या खोलीतला प्रिंटर मागच्या लॅपटॉपला आपोआप सापडत नाही आणि मागच्या फोनवरून पुढच्या टीव्हीवर चित्र टाकता येत नाही. ते हवं असेल तर वर सांगितल्याप्रमाणे लॅनमध्येच यावं लागेल.

घरगुती पर्यटन चालवणाऱ्यांनी, दापोली-गुहागरपासून तारकर्लीपर्यंत आता अशी घरं पुष्कळ झालीत, इथे जरा थांबून वाचावं. पाहुण्यांना वेगळा राउटर, वायर वॅनमध्ये, म्हणजे पाहुणे आपल्या नेटवर्कपासून वेगळे, असा समज सर्रास आहे. तो उलटा आहे. मागच्या राउटरच्या आडोशाला बसलेल्या पाहुण्यांपर्यंत तुम्ही पोचू शकत नाही, पण पाहुणे मुख्य डब्याकडेच येत असतात, म्हणून वाटेतल्या तुमच्या पट्ट्यापर्यंत ते आरामात पोचतात. पाहुण्याने ब्राउझरमध्ये पत्ता टाकला तर तुमच्या कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचं लॉगिन पान त्याच्यासमोर उघडतं, आणि अशा पानाला कारखान्यातलाच पासवर्ड ठेवलेली घरं कमी नाहीत. पाहुण्यांसाठी मुख्य डब्याचं 'गेस्ट नेटवर्क' चालू करा. ॲक्सेस पॉइंट केलेल्या स्वस्त राउटरावरचं गेस्ट नेटवर्क यासाठी बहुधा उपयोगी पडत नाही, कारण अडवाअडवीचं काम त्याच्याकडून आपणच काढून घेतलेलं असतं. मुलांचं नेट रात्री दहाला बंद करण्याचं सेटिंगही याच कारणाने मुख्य डब्यावरच लावायचं.

केलं होतं, तरी परत आलं

मग बहुधा कोणीतरी रिसेट दाबलंय. नेट गेल्यावर बोलावलेला माणूस, किंवा सुट्टीला आलेला भाचा. रिसेट दाबलं की डीएचसीपी पुन्हा चालू आणि पत्ता पुन्हा कारखान्यातला. वायफायचं नाव बदलून कंपनीचं दिसायला लागलं की ओळखा. सगळं नीट लागल्यावर सेटिंगची प्रत लॅपटॉपवर उतरवून ठेवायची सोय जवळपास प्रत्येक राउटरात असते. ती वापरली तर पुन्हा बसावं लागत नाही.

रिसेट नसेल तर अडॅप्टर बघा. जुने काही राउटर ९ व्होल्टवर चालतात, फायबरचा डबा बहुधा १२ व्होल्टवर, आणि दोन्हींची पिन एकमेकांत छान बसते. साफसफाईत अदलाबदल झाली की १२ वाला डबा ९ वर अर्धवट उठतो, पुन्हा बंद पडतो. आणि ९ वाला राउटर १२ वर लागला तर तो जाऊ शकतो. डब्यावर आणि अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट सारखे हवेत, अडॅप्टरचे अँपिअर डब्याइतके किंवा जास्त. इन्व्हर्टर असूनही लाईट जाता-येता राउटर क्षणभर विझून उठत असेल, तर राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस लावा. दोन डब्यांना दोन हवेत, किंवा दोन वेगळ्या व्होल्टचे तोंड असलेला एक. खर्च करायचाच तर मी आधी यावर करीन, नव्या महागड्या राउटरवर नंतर.

वायरीचं दुखणं किनाऱ्यावर जास्त. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पितळी दिसणाऱ्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि संपर्क तुटक होतो. स्वस्त वायरीत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ते अशा हवेत लवकर खाल्लं जातं आणि कनेक्टरच्या तोंडाशी तुटतं. घेताना वेष्टनावर पूर्ण तांब्याची आहे का ते वाचा, किंवा टोक सोलून तार खरवडून बघा, आत पांढरी निघाली की परत करा. १०० एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. म्हणून नेट चालतंय पण ३०० चा प्लॅन असून ९०-९५ च्या पुढे वेग जात नाही, असं झालं तर एखादी तार मेलीय, किंवा जुन्या राउटरचं पोर्टच १०० चं आहे. टोक कापून नवा कनेक्टर मारायचा तर रंग दोन्ही टोकांना एकाच क्रमाने: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. उघड्यावरून नेलेली घरातली राखाडी वायर दोन उन्हाळ्यांत तडकते आणि तिच्यात पावसाचं पाणी शिरतं. बाहेर काळ्या जाड आवरणाचीच हवी, आणि घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता तिथूनच ठिबकतं. माळ्यावरून नेलीत तर उंदरांचा विचार करून पाइपातून न्या.

सगळ्या पोर्टांचे दिवे एकाच तालात वेड्यासारखे फडफडतायत आणि घरात कुठेच काही चालत नाही? मग वायरीचं वेटोळं झालंय. कोणीतरी मोकळं लोंबणारं टोक बघून ते जवळच्या रिकाम्या भोकात खोचलंय आणि एकच डबा वायरीने स्वतःलाच जोडला गेलाय, किंवा दोन डब्यांमध्ये दोन वायरी झाल्यात. एकच संदेश त्यात गरगरत राहतो. जास्तीची वायर काढली की पुढच्या क्षणी सगळं शांत होतं.

वीज. वळवात आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की लोक प्लग काढतात, वायर मात्र राहू देतात. घरापासून मांगरापर्यंत किंवा खळ्यापलीकडच्या खोल्यांपर्यंत उघड्यावरून गेलेली तांब्याची वायर जवळपास पडलेल्या विजेचा झटका आत आणते, आणि प्लग काढलेला असूनही पोर्ट जळतं. दोन्हीही काढा. विजेनंतर राउटर चालू आहे पण वायरीतून काही येत नाही, तर वायर दुसऱ्या लॅन पोर्टात लावून बघा, पुष्कळदा एकच जळालेलं असतं. दोन इमारतींमध्ये कायमची जोडणी करायची असेल तर तांबं टाकूच नका. फायबर टाका आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाश आणि वायरीतला सिग्नल यांची अदलाबदल करणारे डबे) लावा. काचेतून विजेचा झटका जात नाही. फायबरच्या आधाराला जी पोलादी तार असते ती मात्र बाहेर भिंतीवरच तोडा, आत डब्यापर्यंत आणू नका.

गणपतीतलं वेगळं

चाकरमानी आले, घर भरलं, आणि वर लिहिलेलं सगळं नीट असूनही चतुर्थीच्या संध्याकाळी नव्या फोनना पत्ता मिळेना. जुन्यांचं चालू आहे, नव्यांचं नाही. इथे वाटायचे पत्तेच संपलेत. मुख्य डब्याचं वाटप १०० ते १५० असेल तर ५१ पत्ते होतात. पुरेसे वाटतात, पण दिलेला पत्ता बहुधा २४ तास अडकून राहतो, मग तो पाहुणा आरतीला येऊन निघून गेला तरी. वाटप ५० ते २५० करा आणि मुदत दोन तासांवर आणा. शिमग्यालाही हेच.

यात दोन्ही डब्यांना वेगवेगळी नावं दिली असतील तर तीही भर घालतात. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नावाला आपली वेगळी ओळख दाखवतो. 'पडवी' आणि 'माजघर' अशी दोन नावं असली की एकच फोन दोन माणसं बनून दोन पत्ते घेतो. नाव, पासवर्ड आणि सुरक्षा दोन्हीकडे तंतोतंत एकच ठेवा. मग फोन घरात फिरताना स्वतः डबा बदलतो. काही फोन मात्र हट्टी असतात, मागच्या खोलीत येऊनही पडवीचीच एक दांडी धरून राहतात. त्यासाठी मुख्य डब्याच्या २.४ ची ट्रान्समिट पॉवर 'मीडियम'वर आणून बघा. चिऱ्याच्या भिंती उरलेलं काम करतात.